डावी बाही

३ ऑक्टोबर

ताईने ही वही देताना एकच अट घातली. "विकेटी लिहिशील तशाच मार खाल्लेल्या ओव्हरीही लिहायच्या." ताई शाळेत शिकवते, तिला सगळीकडे वह्या तपासायच्या असतात. ही तिच्या हाती लागणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं की आजपासून मी व्यावसायिक क्रिकेटपटू आहे. म्हणजे अर्धी आहे. कोचबाईंनी ऑफिसात बसवून सांगितलं, "आठ सामने. मग करार करायचा की घरी पाठवायचं ते बघू." मी म्हटलं, "चार पुरतील." त्या हसल्या नाहीत. मला वाटतं त्यांना ऐकू आलं नसावं.

माझ्या फिरकीच्या जोरावर मी हे बोलले, उगाच नाही. माझा लेगब्रेक बॅटरपासून बाहेर वळतो, तो बऱ्याच जणींचा वळतो. पण माझी गुगली त्याच हाताने, त्याच डौलात सुटते आणि उलटी आत येते. गावात ती कुणालाच कळली नाही. बाबांचं किल्ल्यांचं दुकान आहे, दारांच्या मुठी फिरवतच मी मोठी झाले. लेगब्रेक म्हणजे मूठ फिरवून दार उघडणं, आणि गुगली म्हणजे उघडतोय असं दाखवून लावून घेणं.

खोली रंगाच्या दुकानावर आहे. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, दोन कॉट, एक खिडकी. खिडकीजवळची कॉट संघाच्या विकेटकीपरने आधीच पटकावली आहे. तिला सगळ्या डिंकताई म्हणतात, कारण चेंडू तिच्या ग्लोव्ह्जना चिकटतो. वय अडतीस, हंगाम अठरावा. उठताबसताना तिचे गुडघे वाजतात. मला म्हणाली, "तू घोरतेस?" मी म्हटलं नाही. म्हणाली, "मी घोरते. माझ्याआधी झोपत जा."

६ ऑक्टोबर

नेट्समध्ये आज कमाल झाली. डिंकताई स्टंपामागे उभी होती. माझी पहिली गुगली तिच्या खांद्यावर बसली, दुसरी दोन पायांतून निघून गेली. अठरा हंगामांची कीपर, आणि तिला कळली नाही! ती म्हणाली, "ऊन डोळ्यांवर येत होतं." ऊन तिच्या पाठीमागे होतं, पण मोठ्या माणसांना असं तोंडावर सांगू नये.

दुपारी पायांना बर्फ लावत बसली होती, तेव्हा तिनेच विषय काढला. "हे बघ, सामन्यात मला आधी कळायला हवं. गुगली टाकायची असली की पळायला लागण्याआधी डावी बाही ओढायची. सहज, घाम आल्यासारखी."

"आणि लेगब्रेकला?"

"काही नाही. आणि हे आपल्या दोघींत. कोचबाईंनाही नाही."

मी लगेच हो म्हटलं. बाबांना फोन करून सांगितलं की इथल्या सगळ्यात मुरलेल्या कीपरलाही माझी गुगली कळत नाही. बाबा म्हणाले, "बरं. आणि जेवतेस ना वेळेवर?"

१२ ऑक्टोबर

पहिला सामना. दहा ओव्हर, बावीस धावा, चार विकेटी! दोन गुगलीवर त्रिफळा, आणि दोन स्टंपिंग. डिंकताईचे हात म्हणजे खरंच डिंक आहेत. बॅटरचा पाय हवेत असतानाच बेल्स पडलेल्या असतात. आणि तोंड अखंड चालू: "चला चला", "चला बायांनो", "शाब्बास गं". मैदानापलीकडे बाटल्यांचा कारखाना आहे, तिथल्या बायका म्हणे तिच्या आवाजावरून डबा खायची वेळ ठरवतात.

पेपरात माझं नाव चुकीचं छापलंय. पुढच्या वेळी नीट छापतील.

१९ ऑक्टोबर

दुसरा सामना, तीन विकेटी. यावर अधिक लिहायला नको, मी काही बढाईखोर नाही.

डिंकताईबरोबर राहणं मात्र सोपं नाही. सारखं वाचायला लावते. बसचं वेळापत्रक वाच, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय बघ, तिच्या भावाने काय मेसेज पाठवलाय सांग. चष्मा घे म्हटलं तर म्हणते, "चष्मा आहे. ट्रंकेत आहे. ट्रंक कोण उघडणार?" काल मी चिडून म्हटलं, "मी काय रेडिओ आहे?" तर म्हणाली, "रेडिओ बंद तरी करता येतो." आळशीपणाला काय म्हणावं! चहासुद्धा कपाच्या काठाला बोट लावून ओतते.

२६ ऑक्टोबर

तिसरा सामना. पुन्हा तीन. आठ सामन्यांची गरजच नव्हती असं मी म्हटलंच होतं.

२ नोव्हेंबर

चौथा सामना. आठ ओव्हर, अठ्ठावन्न धावा, विकेट नाही.

खेळपट्टी अगदी मेलेली होती. चेंडू जुना झाला तरी बदलून देईनात. शॉर्ट फाइन लेगवालीने एक झेल सोडला, नाहीतर चित्र वेगळं असतं. एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. गुगली पडायच्या आधीच त्यांचा पुढचा पाय बाजूला सरकलेला असायचा. दैव म्हणतात ते हेच. एखादा दिवस असा जातो.

गंमत म्हणजे त्यांची कॅप्टन, उंच, सारखी च्युइंगगम चघळणारी, मला सलग दोन चौकार मारून माझ्याकडे बघत हसली आणि तिने स्वतःची डावी बाही ओढली. मोठ्या मोठ्या खेळाडू माझी लकब उचलायला लागल्या. इतकं नाव झाल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

५ नोव्हेंबर

कोचबाई म्हणतात हात दिसतोय. म्हणजे गुगलीच्या वेळी मनगट आधीच वळतं आणि बॅटरला कळतं. मला पटलेलं नाही, पण आरशासमोर उभं राहून दोन दिवस मनगट बदलून बघतेय. अनामिकेची कातडी फाटली. शिवणीवर बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी येतं.

बाबांना फोन केला. ते दुकानात होते, मागे कानस चालल्याचा आवाज येत होता. म्हणाले, "लागत असलेली किल्ली घासायची नाही गं. परवापर्यंत दार उघडत होतं ना? मग किल्ली सोड आणि दाराला काय झालंय ते बघ."

बाबांना क्रिकेटमधलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर

पाचवा सामना. दहा ओव्हर, त्रेसष्ट धावा, एक विकेट, तीही बाद होणारीच्याच चुकीने. नवं मनगट ना धड लेगब्रेक टाकू देतं, ना धड गुगली. आज दोघी-तिघी बॅटर बाही ओढून माझ्याकडे बघून हसल्या. आता मला त्यात मजा वाटली नाही. का, ते सांगता येत नाही.

ड्रेसिंग रूममध्ये डिंकताईने माझं बोट हातात घेतलं, अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि पट्टी बांधून दिली. गाठ भलतीकडेच बसली.

ताईची अट आहे म्हणून लिहिते: मला भीती वाटली. तीन सामने उरलेत. बाबा दुकानात माझं कात्रण लावतात, तिथे चुकीच्या नावाचं एकच कात्रण राहील.

१६ नोव्हेंबर

सहाव्या सामन्यात मला बसवलं. माझ्या जागी संघातली डावरी फिरकीवाली. मी पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या, आणि कुणाशी नजरानजर नको म्हणून स्कोअररांच्या खोलीत जाऊन बसले. तिथे जे कळलं त्याने अजून माझे कान गरम आहेत.

आमचे स्कोअररकाका पूर्वी हवामान खात्यात होते. निवृत्तीनंतर आवड म्हणून वही धरतात. त्यांची वही म्हणजे बघत राहावं अशी, चार रंगांच्या पेन्सिली, आखीव रेघा. माझं तोंड पडलेलं बघून त्यांनी मला माझ्याच जुन्या ओव्हरी काढून दाखवल्या. "बघ, हा तुझा पहिला सामना." काही चेंडूंवर बारीक लाल टिंब होतं.

"हे काय?"

"तुझ्या गुगल्या."

मी एकेक आठवत गेले. एकही टिंब चुकलेलं नव्हतं! इतक्या लांबून या माणसाला माझा हात कळतो, म्हणजे कोचबाईंचं खरंच होतं म्हणायचं. मी रडवेली होऊन विचारलं, "काका, तुम्हाला माझं मनगट इथून दिसतं?"

"मनगट? मला समोरचा बोर्ड धड दिसत नाही. तू बाही ओढतेस ना! मी टिंब आधी देतो, चेंडू नंतर पडतो."

त्यांच्या शेजारी, कोपराला कोपर लावून, समोरच्या संघाची स्कोअरर बसली होती. दोन्ही संघांचे स्कोअरर एकाच टेबलाशी बसतात आणि दर ओव्हरनंतर वह्या ताडून बघतात, ही रीतच आहे. मी तिच्याकडे बघितलं. ती पेन्सिलीला टोक करायला लागली.

काकांना हळू विचारलं, "हे टिंब तुम्ही कुणाला समजावून सांगितलंत?"

"तिसऱ्या सामन्यात त्यांच्या स्कोअररने विचारलं, हे लाल कसलं म्हणून. मी सांगितलं. बिचारीला फार आवडलं, बाकीच्या संघांच्या स्कोअररांनाही सांगितलं म्हणे तिने." मग त्यांचा चेहरा उतरला. "लपवायचं होतं होय गं?"

त्यांच्यावर कसलं चिडायचं. ते बिचारे तीन वेळा माफी मागून मला स्वतःची लाल पेन्सिल द्यायला निघाले.

म्हणजे त्या सगळ्या जणी माझी लकब उचलत नव्हत्या. मला चिडवत होत्या. आणि मी ते या वहीत काय म्हणून लिहून ठेवलंय ते वर आहेच. खोडणार नाही. अट आहे.

१७ नोव्हेंबर

सकाळी डिंकताईला सगळं सांगितलं. वाटलं, कपाळावर हात मारून हसेल. ती ग्लोव्ह्जना तेल लावत होती, तशीच लावत राहिली.

मी म्हटलं, "आजपासून बाही बंद. माझ्या हाताकडे बघून ओळखायचं. आपली राखीव, धाकटी कीपर नेट्समध्ये ओळखतेच की, परवा पाचांतल्या पाच तिने नीट धरल्या."

"तिला दिसतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला नाही दिसत. उजव्या डोळ्यापुढे वर्षभर धूर आहे, डावाही मंदावत चाललाय. वेगवान गोलंदाजीला मागे उभी राहते, तिथे भागतं. सरळ फिरकीलाही भागतं. तुझा हात मला नुसता फिरताना दिसतो, कुठे फिरला ते नाही. बाही ओढलेली मात्र दिसते." मग म्हणाली, "ऑपरेशन होईल. पण खेळायची नजर येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. डिसेंबरात हंगाम संपला की मी आपणहून जाणार आहे. अठरा वर्षं झाली. मला कुणी हात धरून बाहेर काढायला नको, एवढंच."

वेळापत्रक. औषधाची बाटली. चहाचा कप. मी आळशी म्हणाले होते.

आता जे लिहिते ते लिहायला सगळ्यात जड जातंय. तिची दया यायच्या आधी मला दुसराच विचार आला: म्हणजे माझी गुगली न कळणारी नव्हतीच! जिला दिसत नव्हतं तिला ती कळली नाही, आणि मी बाबांना फोन करून मोठेपणा सांगितला. मी अशी आहे.

१८ नोव्हेंबर

दुपारी कोचबाईंच्या दारापर्यंत गेले. एक वाक्य पुरेसं होतं. धाकटी कीपर स्टंपामागे आली की मला बाहीची गरज नाही, माझं मनगट पूर्वीचं, माझे दोन सामने आणि माझा करार. चूक तरी काय त्यात? सगळं खरंच तर सांगायचं होतं.

दार वाजवलं. "काय गं?" कोचबाई म्हणाल्या.

"पाण्याच्या बाटल्या कमी पडतात," मी म्हटलं.

"लिहून दे."

लिहून दिलं. बाटल्या खरंच कमी पडतात.

१९ नोव्हेंबर

खोलीवर आले तर डिंकताई कॉटवर ताठ बसलेली. काल मी कोचबाईंच्या दाराशी गेले होते हे तिला कळलेलं दिसलं. (जिन्यातून कोण कसं चढतं ते तिला पावलांवरून कळतं, हेही मला आत्ता कळतंय.)

"सांगितलंस?"

"बाटल्यांचं सांगितलं."

ती माझ्या दिशेला वळली. मग एकदम हुशारीत आली. "अगं, आपण दोघी मूर्ख आहोत. मी कुठे उभं राहायचं ते तू मला कशाला सांगायचं? काय टाकायचं ते मी तुला सांगते! माझं तोंड असंही चालूच असतं, त्याच्याकडे कोण लक्ष देतं? 'चला चला' म्हटलं तर लेगब्रेक. 'चला बायांनो' म्हटलं तर गुगली."

"आणि बाही?"

"ओढ की. मनाला येईल तेव्हा ओढ. त्यांची टिंबं त्यांना लखलाभ."

मला ते लगेच रुचलं नाही. काय टाकायचं ते मी ठरवते, बारा वर्षांची असल्यापासून. तसं म्हणाले. ती म्हणाली, "मला तुझा हात दिसत नाही, पण बॅटर माझ्यापासून दीड हातावर असते. तिचे पाय मला दिसतात, श्वास ऐकू येतो. अठरा वर्षं मी दुसरं काय केलं?"

मी हो म्हटलं. जुनं मनगट परत आणलं. बाबांना फोन करून म्हटलं, तुमचं बरोबर होतं, दाराचीच भानगड होती. ते म्हणाले, "कुठलं दार?"

३० नोव्हेंबर

सातवा सामना. डिंकताईने कोचबाईंना जाऊन सांगितलं होतं की उरलेले दोन्ही मला द्या, जबाबदारी माझी. हे मला डावरीकडून कळलं. तिच्या तोंडून ते गोड लागत नव्हतं.

तीन विकेटी, एकतीस धावा! मी बाही ओढायचे, बॅटर गुगलीसाठी पाय सरकवायची, चेंडू उलट्या बाजूने बॅटजवळून निघून जायचा. एकीने तर अंपायरकडे तक्रार केली. कसली तक्रार, ते तिला सांगता येईना.

आणि कबूल करायलाच हवं, डिंकताई काय टाकायला सांगते! मी टाकली नसती तिथे गुगली मागते, आणि मी टाकली असती तिथे थांबवते. पाच ओव्हरींनंतर मला तिच्या सांगण्यामागचं कारण कळायला लागलं. दहाव्या ओव्हरपर्यंत तिने म्हणायच्या आधी मला अंदाज यायला लागला. दोनदा चुकला.

कोचबाई फक्त म्हणाल्या, "शेवटच्या सामन्यावर ठरवू."

७ डिसेंबर

आठवा सामना संपला. सगळं नीट लिहिते.

समोर तोच चौथ्या सामन्यातला संघ. शेवटची ओव्हर माझी, त्यांना सहा धावा हव्यात, एक विकेट शिल्लक. तीन चेंडूंत दोन गेल्या. उरले तीन चेंडू, हव्यात चार धावा, आणि खेळायला समोर ती उंच, च्युइंगगमवाली कॅप्टन. एक्क्याऐंशीवर खेळत होती. एकच फटका पुरे होता.

मी खुणेपाशी जाऊन उभी राहिले आणि डिंकताईच्या आवाजाची वाट बघू लागले.

आवाज आला नाही.

ती वाकून बसली होती. ग्लोव्ह्ज जमिनीला टेकलेले, तोंड बंद. दिवसभर कारखान्यापर्यंत ऐकू जाणारी बाई गप्प! मला वाटलं मलाच ऐकू आलं नाही. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तरी गप्प. तेव्हा कळलं की ती विसरलेली नाही. हा चेंडू तिने माझ्यावर सोडला होता.

गुगली टाकली आणि डिंकताई लेगब्रेकच्या बाजूला गेली, तर चार बाय आणि सामना गेला, माझा करार गेला, आणि तिचा डोळा सगळ्यांसमोर उघडा पडला. लेगब्रेक टाकला की तसा धोका कमी, खूण नसली की ती त्याच बाजूला असते. पण कॅप्टन पुढे यायला टपली होती, टाच उचललेली होती, आणि बाहेर वळणाऱ्या चेंडूसाठी तिने बॅट आधीच मोकळी केली होती. आठवड्यापूर्वी माझं तिकडे लक्षही गेलं नसतं.

बाहीला हात लावला नाही. पळाले आणि गुगली टाकली, जरा वर, जरा सावकाश. कॅप्टन तीन पावलं पुढे आली, बॅट फिरली, चेंडू आत वळून तिच्या पायांमागून गेला. तिथे बॅटरच्या अंगाआड चेंडू कुठल्याच कीपरला दिसत नाही, चांगल्या डोळ्यांच्यासुद्धा. मला फक्त बेल्स उडालेल्या दिसल्या.

डिंकताई डाव्या, म्हणजे गुगलीच्या बाजूला होती. आधीपासूनच तिथे होती.

पुढचं सगळं जिंकल्याच्या गोंधळात गेलं. कॅप्टन जाताना थांबली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःची बाही ओढून हसली. या वेळी मीही हसले.

८ डिसेंबर

सकाळी डिंकताई एकटी कोचबाईंच्या ऑफिसात गेली. डोळ्याचं, बाहीचं, सगळं सांगून आली. कोचबाई भरपूर ओरडल्या. आणि मग उठून चहा स्वतः ओतून दिला म्हणे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. त्यानंतर तिने धाकट्या कीपरला शिकवावं असं ठरलंय. "शिकवायला डोळे लागत नाहीत, तोंड लागतं," ती म्हणाली.

ती ट्रंक भरत होती. ट्रंकेत चष्मा खरंच होता. मी कालपासून डोक्यात घोळणारं एकदाचं विचारलं, "कळलं कसं? मी काही खूण केली नव्हती. तुला दिसलं?"

"काही नाही दिसलं."

"मग?"

"तुझ्या जागी मी असते तर तेच टाकलं असतं." आणि शर्टाची घडी घालत राहिली.

चार विकेटी आणि तीन विकेटी आणि पेपरातलं नाव, या सगळ्यांपेक्षा मला ते मोठं वाटलं. तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पुरे. नाक पूस."

मग मी करार काढला. कोचबाईंनी दुपारीच दिला होता, चार पानं, बारीक अक्षर. मी तो न वाचताच सही करणार होते. डिंकताईने हात पुढे केला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि माझ्याकडे परत दिला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने."

मी खिडकीजवळच्या कॉटवर तिच्या शेजारी बसून सगळा वाचला. नाव, पत्ता, नियम, दुखापतीचं कलम, सगळं. मुदत दोन हंगाम, ते आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

"ते दोन हंगामांचं पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.